मुलांना डोंगरात नेणाऱ्या नव्या ताई-दादांसाठी: तयारीचा क्रम

रविवारी पहाटे स्वारगेटला सिंहगडाच्या बससाठी उभे राहिले, की पाठीवर सॅक घेतलेल्या मुलांचे एखादे टोळके हमखास दिसते. बरोबर दोन-तीन मोठी माणसे असतात: बँकेतली एखादी ताई, आयटीतला एखादा दादा, कधी निवृत्त शिक्षक. मानधनाची अपेक्षा न ठेवता, स्वतःचा सुटीचा दिवस खर्चून ही मंडळी येतात. डोंगराची आवड त्यांच्याकडे भरपूर असते, पण वीस मुलांची जबाबदारी कशी पेलायची याचे शिक्षण बहुतेकांनी कधी घेतलेले नसते. ज्यांना हे काम नव्याने सुरू करायचे आहे, त्यांनी कोणत्या क्रमाने तयारी करावी, हे येथे मांडले आहे.

पहिल्या वर्षी प्रत्येकाला पुढे चालायचे असते. वाट आपल्याला माहीत असते, मुले मागून येत असतात आणि आपण नेतृत्व करत आहोत असे वाटत असते. प्रशिक्षणाचा मोठा भाग या सवयीतून बाहेर पडण्यात जातो. वाट मुलांच्या हाती द्यायची आणि धोका आपल्या हाती ठेवायचा, एवढे जमायला मला स्वतःला तीन हंगाम लागले.

पायरी १: मुलांजवळ जाण्याआधीचे कागद आणि नियम

पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला ऑनलाइन अर्ज करून मिळतो. संस्थेने मागितला नसला तरी तो काढून स्वतःहून द्यावा. आपण मागितल्याशिवाय दिला, की इतरांकडून मागणे संस्थेला सोपे जाते.

त्यानंतर २०१२ चा पोक्सो कायदा, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, समजून घ्यावा. या कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असलेल्या कोणाही व्यक्तीवर कलम १९ नुसार पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. न कळवणे हा गुन्हा ठरतो. एखाद्या मुलाने शिबिरात असे काही सांगितले, तर त्याचे शांतपणे ऐकून घ्यावे, त्याचेच शब्द लिहून ठेवावेत आणि कळवावे. आपण चौकशी करत बसू नये, आणि ‘संस्थेचे नाव खराब होईल’ या विचाराला तर तेथे जागाच नाही. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ हा आहे. तो प्रत्येक ताई-दादाला पाठ असला पाहिजे.

दैनंदिन नियम त्याहून साधे आहेत. कोणत्याही कार्यक्रमाला किमान दोन प्रौढ असावेत, हा दंडक जगभरातल्या अनेक स्काउट संघटना पाळतात. मुली असतील तर त्यांतली एक तरी ताई असावी. मुलांची आणि मोठ्यांची झोपण्याची जागा वेगळी असावी. एखाद्या मुलाला खासगीत बोलायचे असेल, तर इतरांना दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर, उघड्यावर बसून बोलावे. मुलाशी फोनवर एकट्याने गप्पा मारू नयेत; निरोप पालकांच्या गटावरच द्यावा. नव्या माणसाला हे नियम अविश्वासाचे वाटतात. प्रत्यक्षात ते मुलाचे रक्षण करतात आणि खोट्या आळापासून आपलेही.

पायरी २: कुठे काय शिकावे

या कामाला तीन प्रकारचे शिक्षण लागते: मुलांचे, डोंगराचे आणि प्रथमोपचाराचे. तिन्ही एकाच ठिकाणी क्वचितच मिळतात.

मुलांच्या गटाचे नेतृत्व शिकवण्याची सर्वांत जुनी आणि नीट बांधलेली पद्धत स्काउटिंगमध्ये आहे. इंग्लंडमधील गिलवेल पार्क येथे १९१९ मध्ये प्रौढ स्काउटरांसाठी पहिला वुड बॅज वर्ग झाला. त्या प्रशिक्षणाची खूण असलेले दोन लाकडी मणी आजही गळ्यात घातले जातात. आपल्याकडे भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी अस्तित्वात आली. तिच्यात बेसिक, अॅडव्हान्स्ड आणि मग हिमालय वुड बॅज अशी चढती भाजणी आहे, आणि राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र मध्य प्रदेशात पचमढीला आहे. तुम्हाला गणवेश घालायचा नसला, स्काउटिंगशी पुढे संबंध ठेवायचा नसला, तरी बेसिकचा वर्ग करावा असे मी सुचवीन, कारण तेथे तुम्हाला स्वतः मूल होऊन एका गटात राहावे लागते. चाळिशीतल्या माणसाला ‘गटनायकाने सांगितले म्हणून’ भांडी घासावी लागली, की गटनायकाच्या हुकमाची गंमत आणि जाच दोन्ही कळतात.

डोंगराचे शिक्षण देणाऱ्या संस्थांत दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ पासून आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ पासून काम करते. पुण्यात गिर्यारोहणाची परंपरा मोठी आहे; गिरिप्रेमी या इथल्या संस्थेची एव्हरेस्ट मोहीम २०१२ ची. अशा संस्थांकडून दोराचे काम, प्रस्तरारोहणाची तोंडओळख, नकाशावाचन हे शिकून घ्यावे. मात्र येथे एक गैरसमज पुष्कळ दिसतो. हिमालयातला चार आठवड्यांचा बेसिक कोर्स चांगल्या श्रेणीत केला म्हणजे मुले नेता येतात, असे धरले जाते. तो कोर्स तुमच्या पायांना शिकवतो. निम्म्या चढावर ‘मला घरी जायचंय’ म्हणून बसकण मारणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाचे काय करायचे, हे त्याच्या अभ्यासक्रमात नसते.

पहिल्या वर्षी एकच वर्ग परवडणार असेल, तर प्रथमोपचाराचा करावा. रेडक्रॉस आणि सेंट जॉन अॅम्ब्युलन्स असे वर्ग चालवतात. प्रमाणपत्राची मुदत संपू देऊ नये, आणि वर्गात केलेला सीपीआरचा (बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबण्याचा) सराव वर्षातून दोनदा तरी पुन्हा करावा, कारण हात विसरतात.

पायरी ३: एक हंगाम मागून चालावे

पहिले पाच-सहा कार्यक्रम अनुभवी ताई-दादाच्या हाताखाली करावेत, आणि त्यांत शेवटून चालण्याचे काम मागून घ्यावे. रांगेच्या शेवटी कोण थकले आहे, कोणाच्या बुटाने टाच सोलली आहे, कोण गप्प झाले आहे हे दिसते; पुढच्याला यातले काहीच दिसत नाही. नियम एवढाच, की आपल्या मागे कोणीही राहता कामा नये, अगदी बुटाची नाडी बांधायला थांबलेले मूलसुद्धा. पुढे आणि मागे असलेल्या दोघांनी कोठे थांबायचे ते आधीच ठरवावे: प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक ओढ्यावर आणि कड्याजवळच्या प्रत्येक अरुंद जागी.

पायरी ४: वाट आधी स्वतः चालून यावी

मुलांना न्यायच्या वाटेवरून आधीच्या पंधरा दिवसांत एकदा जाऊन यावे. ‘मी सिंहगडला शंभर वेळा गेलोय’ हे उत्तर चालत नाही, कारण पावसाळ्यानंतर दरड आलेली असते, टाके आटलेले असते किंवा वाटेवरच्या झाडाला मोहोळ लागलेले असते.

वेळेचा हिशेब कागदावर करावा. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला अंदाज आजही कामाला येतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आतकरवाडीतून सिंहगडाची पायवाट अडीच-पावणेतीन किलोमीटर आणि चढ साधारण ६०० मीटर धरला, तर मोठ्या माणसाला सुमारे दीड तास लागतो. मुलांसाठी मी त्याची दीडपट करतो, म्हणजे सव्वादोन तास. सातला निघाले तर सव्वानऊ. हाच हिशेब तोरण्यासारख्या उंच गडासाठी केला, की लहान मुलांना तेथे एका दिवसात का नेऊ नये, हे वेगळे सांगावे लागत नाही.

चालून येताना चार गोष्टी वहीत लिहाव्यात: पाणी कोठे आहे, सावली कोठे आहे, मोबाइलला रेंज कोठे मिळते आणि सर्पदंशावरचे प्रतिविष असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते. चौथी गोष्ट फोनवर न विचारता प्रत्यक्ष जाऊन विचारावी.

पहिल्या वर्षाच्या माणसाने जुलै-ऑगस्टमध्ये मुलांना गडावर नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. धुके, शेवाळलेल्या पायऱ्या, तासाभरात फुगणारे ओढे आणि त्यात भज्यांसाठी आलेली निम्मी पुण्यनगरी, हे सगळे एकाच वेळी सांभाळणे अनुभवी माणसालाही जड जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा शिकण्याचा काळ. त्याआधीचा सराव पर्वतीवर, तळजाईला किंवा वेताळ टेकडीवर होऊ शकतो.

पायरी ५: गट पाडावेत आणि गटनायकाला खरे काम द्यावे

रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउन्सी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर घेतले, तेव्हा सुमारे २० मुलांचे चार गट केले आणि प्रत्येक गटाचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा होता. पुढे स्काउटिंगमध्ये सहा ते आठ मुलांचा गट ही मोजणी रुळली, कारण तेवढ्या मुलांत प्रत्येकाला काम पुरते आणि नायकाला सगळ्यांची नावे-स्वभाव माहीत असतात. आपण मात्र गट पाडतो, नायक नेमतो, त्याच्या हाती शिट्टी देतो आणि नंतर सगळे निर्णय स्वतःच घेतो.

गटनायकाला खरे काम म्हणजे काय, हे एका सकाळच्या उदाहरणाने सांगतो. वेताळ टेकडीवर आमचा सराव चालू होता. बारा वर्षांची गटनायिका नकाशा हाती घेऊन सहा जणांना पुढे नेत होती आणि मी मागे होतो. पहिल्याच फाट्यावर तिने नकाशा उलटा धरून डावीकडची पायवाट घेतली. मला उजवीकडची हवी होती. तोंडापर्यंत आलेले शब्द मी गिळले. पाच मिनिटांनी एक मुलगा म्हणाला, “अगं, सूर्य मघाशी समोर होता, आता पाठीशी कसा?” मग चौघे नकाशावर वाकले, दोघांत वाद झाला आणि सगळे वळून फाट्यापाशी परत आले. एकूण वीस मिनिटे गेली. त्याच वाटेवर पुढे दगडाच्या जुन्या खाणीची कड येते. तेथे पोहोचण्याआधी मात्र मी मागची जागा सोडून पुढे गेलो, कडेच्या आणि मुलांच्या मध्ये उभा राहिलो, आणि त्या शंभर पावलांत काय करायचे हे मी सांगेन, असे त्यांना स्पष्ट बजावले. कड संपल्यावर पुन्हा मागे गेलो. चुकीच्या वाटेची किंमत वीस मिनिटे होती, म्हणून ती चूक होऊ दिली. कडेवर चुकीला वाव नव्हता. कार्यक्रमाआधी प्रत्येक टप्प्यासाठी हा फरक लिहून काढावा: येथे मुले ठरवतील, येथे मी ठरवीन. मुलांनाही ती यादी सांगावी, म्हणजे आपण मध्येच पुढे आल्यावर गटनायकाला अपमान वाटत नाही.

कौशल्य शिकवण्याची स्काउटिंगमधली चार टप्प्यांची पद्धत आहे: सांगावे, करून दाखवावे, बरोबरीने करून घ्यावे आणि मग सोडून द्यावे. बोलाइनची गाठ शिकवताना मुलाच्या समोर बसू नये, शेजारी बसावे. समोरून त्याला सगळे उलटे दिसते आणि आपण ‘लक्ष नाही’ म्हणून त्यालाच रागावतो. चौथा टप्पा बहुतेक जण गाळतात. मुलाने गाठ बांधली, की आपण ती सवयीने ओढून घट्ट करतो. तसे न करता दुसऱ्या मुलाला तपासायला सांगावे.

मुलांची मोजणी गटनायकाकडे का द्यावी, याचा धडा मला माळवलीच्या फलाटावर मिळाला. लोहगड करून आम्ही परतीच्या लोकलची वाट पाहत होतो. मुले बावीस होती. मी बोटाने मोजली, बावीस भरली आणि गाडी येताना दिसल्यावर सगळ्यांना पुढे सरकायला सांगितले. तेवढ्यात एका गटनायिकेने माझी बाही ओढली: “दादा, आमच्यात एक कमी आहे.” गावातला एक मुलगा कुतूहलाने आमच्या घोळक्यात येऊन उभा होता आणि आमचा एक जण नळावर बाटली भरत होता. बेरीज जुळली होती, माणसे चुकली होती. ती लोकल आम्ही सोडली. त्या दिवसापासून मी डोकी मोजत नाही. प्रत्येक गटनायक आपापल्या गटातली नावे घेतो, मला ‘पूर्ण’ किंवा ‘अपूर्ण’ एवढेच सांगतो, आणि सगळे गट पूर्ण झाल्याशिवाय कोणी गाडीत चढत नाही.

पायरी ६: पुण्याभोवतीच्या डोंगरांतले धोके

उन्हाचा त्रास सर्वांत जास्त वेळा होतो. मार्चनंतर दहाच्या आत चढ संपलेला असावा. ओआरएसची पाकिटे बरोबर ठेवावीत. नसतील तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण लक्षात ठेवावे. घामेजलेले, चक्कर येणारे मूल सावलीत आडवे करून पाणी दिल्यावर सावरते. पण मूल असंबद्ध बोलू लागले किंवा अंग तापलेले असून शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात आहे: अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. अशा मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. दर ३ सेकंदांना साधारण १ किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज १० किलोमीटरच्या टप्प्यात आहे. बुरूज, कडा, ध्वजस्तंभ आणि एकटे झाड ताबडतोब सोडून खाली यावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे पुन्हा वर जाऊ नये.

आग्या मोहोळाविषयी मुलांना गडाच्या पायथ्याशीच सांगावे. कड्याखाली आरडाओरडा, दगड भिरकावणे, धूर आणि अंगावर अत्तर किंवा डिओ नको. माश्या उठल्याच तर डोके आणि तोंड कपड्याने झाकून, हात न झटकता, त्या जागेपासून शक्य तेवढे लांब पळावे, मात्र कड्याच्या दिशेने नाही. नंतर काटे नखाने लवकर खरवडून काढावेत. ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या किंवा श्वास लागला, तर थांबण्यात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्याकडे आहेत. दंश झाल्यास कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. अंगठी, कडे, घड्याळ काढावे, तो हात किंवा पाय हलणार नाही असा आधार द्यावा, दंशाची वेळ लिहावी आणि मुलाला चालू न देता उचलून खाली आणावे. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. आपण वहीत लिहिलेले रुग्णालय येथे कामाला येते.

पाण्याचा नियम एका ओळीचा आहे: धरण, डोह, धबधबा, कोठेही मुलांनी पाण्यात उतरायचे नाही. ‘फक्त पाय भिजवू’ यालाही नाही.

पायरी ७: पालकांशी बोलणे

संमतीपत्रावर सही घेणे सोपे आहे, पण ती सही घेतली म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. पालकसभेत वाट, वेळ, धोके आणि परत येण्याची वेळ मोकळेपणाने सांगावी. दमा, फिट्स, अॅलर्जी, चालू औषधे यांची माहिती लेखी घ्यावी. काही पालक दम्याचा उल्लेख टाळतात, कारण मुलाला वगळतील अशी त्यांना भीती असते. “सांगितलंत तर इन्हेलर माझ्या खिशात दुसरा ठेवीन, आणि तो येईलच,” असे म्हटले की बहुधा ते बोलतात.

पायरी ८: उतरल्यानंतर

गड उतरल्यावर, बस येण्याआधी, गोलात बसून दहा मिनिटे बोलावे. काय झाले, तसे का झाले, पुढच्या वेळी काय बदलायचे, एवढेच विचारावे. आधी मुलांनी, मग गटनायकांनी आणि सर्वांत शेवटी आपण बोलावे. गटनायकाची चूक सगळ्यांसमोर काढू नये. ती त्याच्याशी, उघड्यावर पण बाजूला बसून बोलावी.

ठरलेल्या ठिकाणी प्रत्येक मूल त्याच्या पालकाच्या हाती द्यावे. एखाद्याचे पालक उशिरा येणार असतील, तर दोन्ही प्रौढांनी थांबावे. घरी पोचल्यावर त्याच रात्री वही उघडावी आणि निघण्याची-पोचण्याची खरी वेळ, किती पाणी उरले, कोणाच्या पायाला फोड आले, कोठे अपघात होता होता टळला, आणि दिवसभरात एक शब्दही न बोललेले मूल कोणते, हे लिहून ठेवावे. पुढच्या वेळी गट पाडताना त्या मुलाचे नाव आधी घ्यायचे असते.